काटा हलू नये म्हणून: ग्लिडनच्या तारेचे पेटंट

हातभर काटेरी तार घ्या. बांधावर, पडक्या गोठ्यामागे, कुठेही मिळेल. जवळून पाहिले की कळते, तार एक नाही, दोन आहेत, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या. काटा हा तिसऱ्याच तारेचा छोटा तुकडा, आडवा घालून वळवलेला, टोके तिरपी कापलेली. आता पक्कड घेऊन तो काटा डावीउजवीकडे सरकवून बघा. चांगल्या तारेत तो जागचा हलत नाही. मग एका टोकाकडून पीळ उलगडा. काटा एकाच तारेला वळवलेला असेल तर तो आता मण्यासारखा घरंगळत जातो.

या सगळ्या प्रकरणाचा जीव एवढ्याशा जागेत आहे. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या डी कॅल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला १,५७,१२४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. तारेला काटे लावावेत ही कल्पना त्याची नव्हती, आणि पेटंट मिळाले तेही त्या कल्पनेचे नव्हे. काटा हलू नये म्हणून त्याने जी जुळणी केली, त्या जुळणीचे ते पेटंट होते.

हे प्रकरण मुळापासून लिहून काढावेसे वाटले ते एका फॅब्रिकेशनच्या शेडमुळे. तालुक्याच्या गावी एक मिस्त्री आहेत, सायकलच्या चाकावर चालणारी कोळपी बनवतात. त्यांनी प्रदर्शनात ठेवलेले कोळपे पाहून शेजारच्या तालुक्यात कोणीतरी हुबेहूब तसेच बनवून विकले. मी विचारले, पेटंटसाठी अर्ज का नाही केला? ते म्हणाले, "सर, कोळपं काय माझं आहे? आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. त्याचं कसलं पेटंट?" हा समज मी अनेक कारागिरांच्या तोंडून ऐकला आहे. ग्लिडनचे प्रकरण याच समजाचे उत्तर आहे.

इलिनॉयपासून पश्चिमेला प्रेअरीचा प्रदेश सुरू होतो. काळी कसदार माती, कमरेएवढे गवत, आणि झाडे अगदी थोडी. पूर्वेकडच्या शेतकऱ्याला जंगल तोडूनच शेत मिळत असे, त्यामुळे कुंपणाचे लाकूड आपोआप हाती यायचे. इथे शेत तयार होते, लाकूड मात्र दुरून विकत आणावे लागे. काही जण ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडांची दाट वई लावत. आपल्याकडे निवडुंग, शेर किंवा घायपात लावतात, तशीच ती युक्ती. पण वई गुरे अडवण्याइतकी दाट व्हायला तीन-चार वर्षे लागतात, ती वेळोवेळी छाटावी लागते, आणि रस्त्याला जागा हवी झाली तर उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

साधी गुळगुळीत तारही लोकांनी वापरून पाहिली होती. तिच्या दोन खोडी होत्या. पहिली, गुरे तिच्यावर रेलून अंग घासत, आणि थोड्या दिवसांत खांब वाकत. दुसरी, ती उन्हात सैल पडे आणि कडाक्याच्या थंडीत तुटे. हिशोब सोपा आहे. पोलादी तार दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढते. ४०० मीटर तार आणि हिवाळा-उन्हाळ्यात ६० अंशांचा फरक धरला, तर लांबी जवळजवळ २९ सेंटिमीटरने कमीजास्त होते. सरळ ताणलेल्या तारेने ही वीतभराहून जास्त लांबी ठेवायची कुठे?

काट्याची कल्पना ग्लिडनच्या बरीच आधीची. १८६७ मध्ये ओहायोतल्या केंट गावच्या लुसियन स्मिथने तारेत काटे ठोकलेली लाकडी रिळे ओवण्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी विल्यम हंटने पत्र्याची दातेरी चाके ओवली. फेब्रुवारी १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल केलीने पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे टोकदार पत्रे मधोमध भोक पाडून तारेवर ओवले आणि जागोजागी हातोड्याने ठोकून बसवले. केलीचे काम आजच्या तारेच्या फार जवळ येते. तारेची ताकद वाढावी म्हणून शेजारी दुसरी तार पिळून घ्यावी, हेही त्याने सुचवले होते. तरी यांपैकी एकाचेही कुंपण शेतोशेती पसरले नाही. रिळे आणि चाके गरगर फिरत, म्हणून टोचतच नसत. पत्र्याचे काटे करायला आणि बसवायला वेळ लागे, आणि बसवले तरी ते ढिले पडत.

१८७३ मध्ये डी कॅल्ब काउंटीच्या जत्रेत हेन्री रोझ या शेतकऱ्याने आपले कुंपण मांडले. त्याची एक गाय कुंपण मोडण्यात पटाईत होती. तिला आवरायला त्याने आधी टोकदार खिळ्यांची फळी तिच्याच डोक्याला बांधून पाहिली, मग ती फळी गायीऐवजी तारेला टांगावी हे त्याला सुचले. त्या वर्षी मे महिन्यातच त्याला त्याचे पेटंटही मिळाले होते. जत्रेत ती फळी तिघांनी निरखून पाहिली: शेतकरी जोसेफ ग्लिडन, हार्डवेअरचे दुकान चालवणारा आयझॅक एलवूड, आणि लाकडाची वखार व बांधकामाचा व्यवसाय असलेला जेकब हेइश. फळीची गरज काय, काटा थेट तारेलाच हवा, हे तिघांनाही वेगवेगळे जाणवले. एकाच गावात, काही महिन्यांत, तिघेही तेच कोडे सोडवायला लागले.

ग्लिडन तेव्हा साठ वर्षांचा होता. जन्म १८१३ चा, न्यू हॅम्पशरमधला. तरुणपणी त्याने शाळेत शिकवले, मग इलिनॉयला येऊन जमीन घेतली, मध्यंतरी काउंटीचा शेरीफही झाला. यंत्रविद्येचे शिक्षण काही नव्हते. घरची कॉफी दळायची चक्की त्याने उघडली आणि तिच्या दांड्यावर दोन खिळे बसवले, एक मध्यावर आणि दुसरा त्याच्या शेजारी थोडा बाजूला. दोन खिळ्यांच्या मध्ये तारेचा तुकडा धरून हँडल फिरवले की एकसारखा वेटोळा काटा तयार. काट्याचे पहिले नमुने बायकोच्या केसांच्या पिनांवर झाले, असे डी कॅल्बकडे सांगतात. ल्युसिंडाबाईंच्या पिना खरोखर गेल्या की नाही, कोण जाणे, पण साठीचा शेतकरी स्वयंपाकघरातली वस्तू घेऊन मागच्या अंगणात बसला आहे, हे चित्र मला खोटे वाटत नाही. गावोगावच्या शेडमध्ये मी हेच पाहत आलो आहे. जुन्या वस्तूचा नवा साचा.

काटे झाले, तारेवर ओवले, आणि तिथेच अडले. काटे सरकत. गुराने धक्का दिला की एका जागी गोळा होत आणि दोन खांबांमधली तार मोकळी पडे. इथवर तर केलीही आला होता. ग्लिडनची खरी पायरी यानंतरची. त्याने दुसरी तार घेतली, दोन्ही तारांची एक बाजू पक्की बांधली, दुसरी बाजू धार लावायच्या दगडी चाकाच्या दांड्याला अडकवली आणि हँडल फिरवले. पीळ पडत गेला तशी दुसरी तार प्रत्येक काट्यावर येऊन दाबून बसली. काटा सरकायचा थांबला आणि फिरायचाही थांबला.

या एका पिळाने आणखी दोन गोष्टी साधल्या, आणि माझ्या मते त्या काट्याइतक्याच मोलाच्या आहेत. पीळ दिलेली तार थोडीफार स्प्रिंगसारखी वागते, म्हणून उन्हाथंडीची वाढ-घट ती पोटात घेते. आणि एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. गुळगुळीत तारेच्या जुन्या दोन खोडींचे औषधही त्याच पिळात निघाले.

२७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्लिडनने अर्ज केला. पेटंटमधल्या आकृतीत एका तारेला a आणि दुसरीला z अशी अक्षरे आहेत. क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला ते, आजही कारागिरांनी वाचावा असा आहे. त्याचा आशय असा: पीळ दिलेली कुंपणाची तार, तिच्या एका पदराभोवती मधोमध वळवलेला आडवा काटा, आणि दुसऱ्या पदराच्या पिळाने जागेवर आवळलेला तो काटा. बस. ‘गुरे अडवणारे कुंपण’ नाही, ‘काटेरी तार’ही नाही. तीन जुन्या वस्तू आणि त्यांच्यातले एक नवे नाते.

दुकानदार एलवूडने स्वतःच्या काटेरी पट्टीचे पेटंट फेब्रुवारी १८७४ मध्ये मिळवले होते. पण ग्लिडनची तार पाहिल्यावर आपल्यापेक्षा हीच चालणार, हे त्याने ओळखले. बायकोसोबत तो ग्लिडनचे कुंपण पाहायला गेला, तिनेच तोंडावर सांगितले की त्यांचे तुमच्यापेक्षा चांगले आहे, तो आधी चिडला आणि मग गप्प झाला, अशी गोष्ट सांगतात. १८७४ च्या जुलैत त्याने २६५ डॉलरला ग्लिडनच्या पेटंटचा अर्धा हिस्सा घेतला आणि दोघांनी डी कॅल्बमध्ये कारखाना काढला. पेटंट अजून हातात आले नव्हते, तेव्हाचा हा सौदा. हा माणूस मला फार मोठा वाटतो. स्वतःचे पेटंट बाजूला ठेवून दुसऱ्याचे चांगले म्हणणे सोपे नाही. ग्लिडनला तार सुचली होती, पण ती खपवायची कशी हे एलवूडच्या दुकानाला माहीत होते.

हेइशचे तसे झाले नाही. त्याचे पहिले पेटंट जानेवारी १८७४ मध्येच मंजूर झाले, ग्लिडनच्या आधी. पण ग्लिडनचा अर्ज आधीचा होता. जून १८७४ मध्ये हेइशने ग्लिडनच्या अर्जाविरुद्ध हरकत दाखल केली आणि तिथून पुढे वर्षानुवर्षे चाललेली कोर्टबाजी सुरू झाली. त्याचा इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा काटा, १८७५ चा, खरोखर चांगला होता आणि भरपूर खपला. तो कमी हुशार नव्हता. तारखेत मागे पडला.

पुढचे वळण पूर्वेकडून आले. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या वॉशबर्न अँड मोएन या मोठ्या तार कंपनीच्या लक्षात आले की डी कॅल्बसारख्या लहानशा गावातून तारेच्या भल्यामोठ्या ऑर्डरी येत आहेत. त्यांनी माणूस पाठवला, नमुने नेले, काटे आपोआप बसवणारे यंत्र तयार करवले. १८७६ मध्ये ग्लिडनने आपला उरलेला अर्धा हिस्सा त्यांना विकला: ६०,००० डॉलर रोख, शिवाय दर शंभर पौंड तारेमागे २५ सेंट रॉयल्टी. कंपनीने केली, हंट, स्मिथ यांची जुनी पेटंटेही एकेक करून विकत घेतली, म्हणजे कोणी जुने पेटंट पुढे करून अंगावर येऊ नये. अमेरिकेत १८७४ मध्ये जेमतेम १०,००० पौंड काटेरी तार बनली होती, १८८० मध्ये ८ कोटी पौंडांहून जास्त.

इथे या प्रकरणातला मला सर्वांत जास्त टोचणारा भाग येतो. १८८० च्या डिसेंबरात शिकागोच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, हेइश हरला, आणि काटेरी तार बनवणाऱ्या प्रत्येकाला कंपनीचा परवाना घेणे भाग पडले. रॉयल्टीचा भार शेवटी तार विकत घेणाऱ्यावर, म्हणजे शेतकऱ्यावरच पडला. आयोवाच्या शेतकऱ्यांनी १८८१ मध्ये संघ स्थापन केला आणि परवाना न घेता स्वस्त तार बनवणारा स्वतःचा कारखाना चालवला. त्यांच्या वतीने लढणारा तरुण वकील अल्बर्ट कमिन्स पुढे आयोवाचा गव्हर्नर झाला. एका शेतकऱ्याने घरच्या चक्कीवर केलेला शोध, आणि त्याच्याच पेटंटविरुद्ध कोर्टात उभे राहिलेले शेतकरी. ‘कुंपणच शेत खातं’ असे आपण म्हणतो, ते त्या शेतकऱ्यांना शब्दशः वाटले असेल. ग्लिडनने विकायला नको होते, असे मात्र मी म्हणणार नाही. वूस्टरची यंत्रे नसती तर ती तार इतक्या शेतांपर्यंत इतक्या लवकर पोचली नसती. पण विकताना दर ठरवायचा अधिकारही त्याच्या हातून गेला, हे खरे.

शेवटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. समोर होती आयोवाचीच बीट-एम-ऑल बार्ब्ड वायर कंपनी. तिचे म्हणणे, ग्लिडनच्या कितीतरी आधी, १८५९ मध्ये, आयोवातल्या डेल्ही गावच्या जत्रेत मॉर्ली नावाच्या माणसाने असेच कुंपण दाखवले होते. ते पाहिल्याचे सांगायला वीसहून जास्त साक्षीदार उभे राहिले. खालच्या न्यायालयाने ते मानले आणि वॉशबर्न अँड मोएनचा दावा फेटाळला. २९ फेब्रुवारी १८९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्राउन यांनी निकालपत्रात म्हटले की फार वर्षांमागची गोष्ट नुसत्या आठवणीतून सांगितलेली असेल, तर तिच्यावर पेटंट रद्द करता येत नाही. पुरावा संशयापलीकडचा हवा. न्यायमूर्ती फील्ड सहमत नव्हते.

केलीबद्दल न्यायालय काय म्हणाले ते कारागिराने मनात ठेवण्यासारखे आहे. केली आणि ग्लिडन यांच्या तारांमधला फरक फार मोठा नाही, हे निकालपत्रच मान्य करते. पण तेवढ्याशा फरकानेच फसलेली वस्तू बाजारात चालणारी झाली, म्हणून हक्क ग्लिडनचा. त्यातले एक वाक्य पेटंटच्या वकिलांना आजही पाठ असते: पेटंटच्या कायद्यात जिंकते ती शेवटची पायरी.

निकाल लागला तेव्हा पेटंट संपून तीन महिने झाले होते. त्या काळी मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची होती, ती नोव्हेंबर १८९१ मध्येच पुरी झाली. त्यानंतर ग्लिडनची तार कोणीही बनवू शकत होते.

या तारेने काय मोडले, तेही सांगायला हवे. टेक्सासमध्ये मोकळ्या रानात गुरे चारणाऱ्यांच्या पाणवठ्यांभोवती, कधी सरकारी जमिनीभोवती आणि रस्त्यांवरही कुंपणे पडली. १८८३ च्या दुष्काळात टोळ्या रातोरात मैलच्या मैल तार कापत सुटल्या, माणसे मेली. १८८४ मध्ये राज्याने तार कापणे गंभीर गुन्हा ठरवला, आणि रस्ता अडवणाऱ्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक सक्तीचे केले. १८८५-८६ च्या हिमवादळात वाऱ्याच्या दिशेने पळत आलेली गुरे टेक्सासच्या उत्तर भागातल्या लांबच लांब कुंपणाला येऊन अडली आणि तिथेच गारठून मेली.

पुन्हा मिस्त्रींच्या शेडकडे. भारतात शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, औजाराला किंवा यंत्राला मिळू शकते. जुनेच भाग नुसते शेजारी मांडले आणि प्रत्येक भाग आपले जुनेच काम करत राहिला, तर मात्र मिळत नाही. ग्लिडनचा काटा या कसोटीवरही उतरला असता, कारण दुसरी तार तिथे नुसती ताकद देत नाही, ती काटा धरते. अर्ज आधी तात्पुरत्या तपशिलासह करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्याचे काम मुंबईच्या पेटंट कार्यालयात चालते. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. तपासणीच्या विनंतीची फी वेगळी, आणि मसुदा लिहून घेतला तर वकिलाची आणखी वेगळी. ती झेपत नसेल तर गुजरातमधले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० सालापासून अशाच शेतकरी-कारागिरांच्या शोधांना पेटंटसाठी मदत करत आले आहे. मंजूर झालेले पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. आणि अर्जाआधी वस्तू जाहीर झाली, प्रदर्शनात किंवा फोनवरच्या व्हिडिओत, तर नवेपणाच गेला असे समजावे. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना सवलत आहे, गावच्या जत्रेला नाही.

प्रदर्शनातले जुने कोळपे त्यामुळे हातचे गेलेच. पण यंदा मिस्त्रींनी त्यात बदल केला आहे. दोन पासांमधले, म्हणजे तण कापणाऱ्या पात्यांमधले, अंतर आता पाना न लावता, शेतात उभ्या उभ्या बदलता येते. मी विचारले, मुरमाड रानात हिसके बसल्यावर पास सरकत नाही? "नाही सर. आत खाच आहे, त्यात स्प्रिंगची खिट्टी बसते. ओढ जेवढी जास्त, तेवढी ती आत रुतते." मी म्हटले, मिस्त्री, हेच वाक्य आकृतीसकट वहीत लिहा, खाली तारीख घाला, आणि वाचता येणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. मॉर्लीचे वीसहून जास्त साक्षीदार होते, वही एकही नव्हती. कायदा अर्जाची तारीख बघतो, वहीची नाही. पण शोध आपला आहे हे दाखवायची वेळ आली तर वही बोलते.

मग त्यांना आठवले की नव्या कोळप्याचाही एक व्हिडिओ त्यांच्या मुलाने महिन्यापूर्वी गावच्या ग्रुपवर टाकला होता. आम्ही तिघांनी तो चार वेळा पाहिला, थांबवून थांबवून. कोळपे सोयाबीनच्या दोन ओळींतून चालताना दिसते, हँडल दिसते, पास दिसते. खिट्टी पत्र्याच्या झाकणाखाली आहे, आणि झाकण कुठेही उघडलेले नाही.